अरबी समुद्रावर उठलेलं पित्त

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे जर्मनीत, हायडेलबर्गला गेलो होतो. किल्ला, नेकार नदीचा काठ, जुना पूल हे सगळं केव्हातरी सावकाश लिहीन. आज लिहायचंय ते मुंबई-फ्रँकफर्ट विमानात माझ्या अंगावर पित्त उठलं, त्या चार तासांबद्दल. परत आल्यापासून ज्यांना ज्यांना हे सांगितलं, त्यांतले बरेच जण म्हणाले, ‘अगं, मलाही एकदा असंच झालं होतं.’ ‘मग ॲलर्जीच्या गोळ्या कुठे होत्या?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘मोठ्या बॅगेत.’

आमच्याही तिथेच होत्या. निघायच्या दिवशी बॅगा तेवीस किलोत बसवताना मी दहा वेळा उचलल्या, उघडल्या, पुन्हा भरल्या. लेकीसाठी मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि अर्धा किलो आमसुलं. हातातली पर्स हलकी राहावी म्हणून औषधांचा डबाही मीच मोठ्या बॅगेत ढकलला. त्या उचलाउचलीत कंबर धरली. रात्री एकच्या सुमाराला गेटजवळ बसल्या बसल्या दुखीची एक गोळी घेतली. पर्सच्या कप्प्यात तिची पट्टी कायम असते, पेपरमिंटसारखी.

विमान सुटलं आणि पाऊण-एक तासात तळहात खाजायला लागले. मग घड्याळाचा पट्टा बसतो तिथे, मग कंबरेला सलवारची नाडी रुतते तिथे. मी टॉयलेटमध्ये जाऊन कुर्ता वर करून पाहिलं, तर पोटावर लालभडक गांधी उठून एकमेकींना मिळाल्या होत्या. अख्खा भारताचा नकाशा, खाली श्रीलंकेसह. दंडावर, मांडीवर सुटी बेटं.

इथे मी पहिली चूक केली. लाजेने दहा मिनिटं तिथेच कडी लावून गार पाणी लावत उभी राहिले. तुम्ही हे करू नका. चक्कर येऊन तिथे पडलात तर बाहेरच्याला कळायला वेळ लागतो, आणि अशा वेळी महत्त्वाचं असतं ते हेच, की कुणाची तरी नजर तुमच्यावर असावी. जागेवर या, शेजारच्याला उठवा, डोक्यावरचं बटण दाबा.

आमचे हे जागे झाले आणि निदान सुरू झालं. ‘ब्लँकेट बाधलं असेल.’ मग, ‘अगं, संध्याकाळी वांगं खाल्लंस ना?’ आमच्याकडे वांग्यावर बिल फाडायची जुनी पद्धत आहे. तेवढ्यात जेवणाचे ट्रे घेऊन आलेली हवाईसुंदरी माझा हात पाहून थबकली. तिचा पहिला संशय जेवणावर, पण आमच्या रांगेपर्यंत जेवण आलंच नव्हतं. मग ‘विमानात कोणी डॉक्टर असल्यास’ ही घोषणा झाली आणि शरमेने माझे कानही लाल झाले. किंवा तिथेही गांधी उठल्या असतील.

मागच्या रांगांतून केरळची एक तरुण डॉक्टर डोळे चोळत, पायात नुसते मोजे, अशी आली. क्रूने तिचं ओळखपत्र पाहिलं. तिने आधी माझ्या अंगाकडे पाहिलंच नाही, तोंडाकडे पाहिलं. जीभ बाहेर काढायला लावली. घसा आवळल्यासारखा वाटतोय का, आवाज बदललाय का (हे तिने यांना विचारलं, मला नाही), श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतोय का, मळमळ, उलटी, पोटात कळ, डोळ्यांपुढे अंधारी? सगळ्याचं उत्तर नाही. मग नाडी, रक्तदाब. तेव्हा कुठे म्हणाली, ‘आंटी, सिर्फ स्किन है, घबराइए मत.’

हे प्रश्न मी मुद्दाम सगळे लिहिले. नुसतं अंगावर पित्त उठणं त्रासदायक असतं, पण त्याने सहसा जीव जात नाही. मात्र त्याच्या जोडीला यातलं काही सुरू झालं, तर ती सगळ्या शरीराची ॲलर्जी, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस. त्यावर पहिलं औषध ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. तेव्हा खाजेच्या गोळीची वाट पाहत बसायचं नसतं. माणसाला आडवं करून पाय वर घ्यायचे, दम लागत असेल तर बसू द्यायचं, पण उभं करून चालवायचं नाही. हे तिने मला क्रूच्या देखतच समजावलं, बहुधा त्यांच्यासाठीच.

मग तिने बॉलपेन काढलं आणि माझ्या डाव्या हातावरच्या एका गांधीभोवती गोल काढला. शेजारी लिहिलं ३:४०. म्हणाली, खरं पित्त एका जागी टिकत नाही, ही इथून जाईल आणि दुसरीकडे उठेल. एकच चट्टा चोवीस तासांहून जास्त राहिला, दुखायला लागला किंवा काळानिळा डाग सोडून गेला, तर ते वेगळं प्रकरण, डॉक्टरला दाखवायचं. पुढचा तास-दीड तास मी त्या गोलाकडे बघत बसले होते. पाचच्या सुमाराला गोल रिकामा झाला आणि कोपराजवळ दोन नव्या उठल्या. विमानातला सिनेमा कोण बघतो!

विमानातली औषधाची मोठी पेटी डॉक्टरसमोरच उघडतात, असं आम्हाला सांगितलं गेलं. कॅप्टनला विचारून ती उघडली. सॅटेलाइट फोनवरून जमिनीवरच्या डॉक्टरशी बोलणं झालं. मधूनच ‘डायव्हर्ट’ हा शब्द यांच्या कानावर पडला आणि यांचा चेहरा माझ्यापेक्षा वाईट झाला. माझ्या खाजेपायी तीनशे माणसांना मध्येच कुठेतरी उतरवणार की काय! तसं काही झालं नाही. पेटीतली सेटिरिझिन १० मिलिग्रॅमची, म्हणजे ॲलर्जीची, एक गोळी दिली, आणि पिशवीत बर्फ, वर नॅपकिन. अंगावरचं ब्लँकेट काढायला लावलं, कारण उबेने खाज वाढते. वाईनही नको म्हणाली, दारूने रक्तवाहिन्या फुलतात. (मी घेत नाही. हे हिरमुसले.)

खरी गंमत पुढेच आहे. तिने दोनदा विचारलं होतं, ‘गेल्या काही तासांत कुठलं औषध घेतलंत?’ दोन्ही वेळा मी सांगितलं, काही नाही. यांनी भर घातली, फक्त थायरॉइडची, ती सकाळी. तासाभराने खाज जरा निवली तशी कंबर पुन्हा ठणकायला लागली, म्हणून मी पर्समधून पट्टी काढली. डॉक्टर विचारपूस करायला आली होती. तिने ती माझ्या हातातून अक्षरशः काढून घेतली. ‘आंटी, ये क्या है?’

पाठदुखीची गोळी. तिला मी औषध समजतच नव्हते.

पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत होतं, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरिन ही सगळी एकाच स्वभावाची भावंडं. काही माणसांत ती अंगावर पित्त उठवतात, ओठ-पापण्या सुजवतात, आणि ज्यांना आधीच पित्त उठतं त्यांचं वाढवतात. एक बाधलं तर बाकीचीही बाधू शकतात. वर्षानुवर्षं चाललेली गोळी एके दिवशी बाधू शकते, हे मला माहीतच नव्हतं. तिने विचारलं, आधी कधी असं? तेव्हा आठवलं, दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नात ओठ सुजला होता. दिवसभर उभं राहून पाय दुखले म्हणून तेव्हाही हीच गोळी घेतली होती. ठपका बसला होता भरल्या वांग्यावर.

फ्रँकफर्टला उतरताना अंग बरंचसं शांत होतं. तरी तिने बजावलं की काही तासांनी पुन्हा उसळी येऊ शकते, तेव्हा आज रात्री एकटीने झोपू नका. सेटिरिझिनने झोप येते, त्यामुळे उतरल्यावर पासपोर्ट-बॅगा यांच्या ताब्यात दिल्या. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने माझ्या हातावरचा रिकामा गोल आणि ३:४० पाहिलं, काही विचारलं नाही. गोल काढला तेव्हा जर्मनीत रात्रीचे नुकते बारा वाजून गेले होते, तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे.

संध्याकाळी हायडेलबर्गला पुन्हा मांड्यांवर उठलं. श्वास ठीक होता, म्हणून लेकीने ११२ लावला नाही, ११६११७ लावला. जर्मनीत हा ध्यानात ठेवण्यासारखा नंबर, दवाखाने बंद असताना पण जिवावर बेतलेलं नसताना डॉक्टर मिळवायचा. ११२ जिवावरच्या प्रसंगाला. औषधाचं दुकान म्हणजे आपोथेके, बाहेर मोठा लाल गॉथिक ‘ए’ असतो. सेटिरिझिन तिथे चिठ्ठीशिवाय मिळते, पण मागावी लागते, फळीवरून उचलता येत नाही. डोकं दुखतंय म्हटलंत की तिथेही आयबुप्रोफेनच पुढे करतील, तेव्हा आधी सांगा. तिथल्या बाईंनी माझे हात पाहून एक शब्द उच्चारला, नेसेलझुख्त. लेक म्हणाली, नेसेल म्हणजे ती झाडावरची खाजरी पानं. म्हणजे आपल्या सह्याद्रीतला आग्याच की! कारवीच्या रानात ज्याला तो एकदा लागला आहे, त्याला या आजाराचं जर्मन नाव समजावून सांगावं लागणार नाही.

डॉक्टरच्या बिलाची मूळ पावती जपून ठेवा, शेंगेन व्हिसासाठी काढावा लागणारा ३०,००० युरोंचा विमा अशाच वेळी कामाला येतो. आणि अंगावर चट्टे असताना परतीचं विमान असेल, तर ‘हा संसर्गजन्य नाही’ अशी डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी घ्या. कांजिण्यांच्या शंकेने गेटवर अडवू शकतात.

घरी आल्या आल्या लेकीने आमसुलं भिजत घातली आणि तो लाल कोळ माझ्या हातापायांना चोळला, माझ्या आजीने मला चोळला होता तसाच. गार वाटलं, खाज थांबल्यासारखी झाली. तशीही प्रत्येक गांधी दिवसाच्या आत आपोआप जातेच, त्यामुळे आमसुलाला श्रेय मिळवायला फारसे कष्ट पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी पांढरी चादर मात्र धुवावी लागली.

ठाण्याला परतल्यावर ॲलर्जीच्या डॉक्टरकडे गेले. मला वाटलं रक्त तपासून लगेच सांगतील. या गोळ्यांच्या अशा त्रासासाठी भरवशाची रक्ताची तपासणी नाही. खात्री करायची तर रुग्णालयात, देखरेखीखाली, थोडीथोडी गोळी देऊन पाहतात. घरी ‘जरा घेऊन बघू’ हे अजिबात नाही. सध्या दुखीसाठी साधं पॅरासिटामॉल, आणि पाकिटात एक कार्ड : कुठली औषधं नकोत त्यांची रासायनिक नावं, इंग्रजीत. ब्रँडची नावं परदेशात उपयोगाची नाहीत. ज्यांना आधी ॲनाफिलॅक्सिस झालेला आहे त्यांनी ॲड्रेनालिन हाताच्या बॅगेतच ठेवायचं, चिठ्ठीसकट. आपल्याकडे त्याचं पेनासारखं तयार इंजेक्शन सहजासहजी मिळत नाही, तेव्हा निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरशी बोला, आयत्या वेळी नाही.

परतीच्या प्रवासात सेटिरिझिनची पट्टी पर्सच्या पेपरमिंटच्या कप्प्यात होती. दुखीची पट्टी यांनी हायडेलबर्गलाच आपोथेकेत नेऊन दिली. उरलेली आमसुलं लेकीने ठेवून घेतली, आणि हे अजून वांगं खाल्लं की माझ्या हातांकडे बघतात.