पांढरा चहा, चौथा आठवडा: गोम पाण्यात होती

ग्रीन टी बंद करून पांढऱ्या चहावर आले, त्याला आज सव्वीस दिवस झाले. ग्रीन टी तीन वर्षं नेमाने प्यायले. पण सकाळच्या गडबडीत पाणी जरा जास्त तापलं किंवा पत्ती मिनिटभर जास्त राहिली की घोट कडूजहर व्हायचा, आणि रिकाम्या पोटी मळमळायचं ते वेगळंच. म्हणून हा बदल.

आणली आहे निलगिरी डोंगरातल्या चहाची पत्ती, ५० ग्रॅम. झाड तेच, फरक पुढच्या कामात. ग्रीन टीची पानं खुडल्यावर वाफवतात किंवा कढईत भाजतात आणि मग वळतात. पांढऱ्या चहाच्या कळ्या नुसत्या कोमेजू देतात आणि वाळवतात. चीनमधल्या फूच्येन प्रांताची ही जुनी पद्धत. पान वळलेलं नसल्यामुळे रस सावकाश उतरतो. ग्रीन टीला दोन मिनिटं पुरतात, याला मी चार-पाच देते.

पहिले दहा दिवस मात्र माझी निराशाच झाली. कपात तपकिरी, मेलेलं पाणी. वर पातळ साय आल्यासारखा तवंग, चमचा फिरवला की त्याचे तुकडे व्हायचे. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर पातेलं विसळलेलं पाणी!" मला फार लागलं ते, कारण पत्तीला मी ग्रीन टीच्या तिप्पट पैसे मोजले होते.

चूक पत्तीची नव्हती. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून चहालाही बोअरचंच घेत होते. आपल्या सोलापूरचं बोअरचं पाणी किती जड, ते गीझरची कॉइल काढून पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवला तर ८८०. असल्या पाण्यातला चुना चहाचा रंग गडद करतो आणि वास दाबून टाकतो. मसाला चहात दूध, साखर, आलं सगळं झाकून घेतं, इथे झाकायला काहीच नाही.

मग नुसतं आरओचं पाणी घेतलं (४५). रंग सुधारला, पण चव सपक. शेवटी उजनी धरणातून नळाला येणारं पाणी एक वाटी आणि आरओचं तीन वाट्या, मीटरवर ११५च्या आसपास. त्या दिवशी कप हातात घेतला आणि थांबले. मंगळवेढ्याला मामाच्या शेतात ज्वारीची काढणी झाल्यावर नव्या कडब्याच्या गंजीला जो गोडसर वास येतो, तोच! सासूबाईंनाही दिला. काही बोलल्या नाहीत, पण कप रिकामा करून खाली ठेवला.

आणखी एक. कपात उन्हाची तिरीप पडली तेव्हा बारीक धुळीसारखं काहीतरी तरंगताना दिसलं. मी ओतून देणार होते. ती कळीवरची पांढरी लव निघाली. कोरडी कळी बोटांत धरून पाहा, मांजराच्या पिल्लाच्या कानासारखी मऊ लागते. याच लवेवरून चहाला पांढरा म्हणतात.

सध्याचं माप: १५० मिली पाणी, अडीच ग्रॅम पत्ती. ती फुगीर असते, त्यामुळे चमच्याने मोजू नका, काट्यावर तोला. पाणी उकळून झाकण काढून चार मिनिटं ठेवते, थर्मामीटर ८५ दाखवतो. त्याच पत्तीवर दुसरं आणि तिसरं पाणीही घालते. मला दुसरं सर्वांत आवडतं. ग्रीन टीचं दुसरं पाणी मी कधी संपवलं नव्हतं.

यात कॅफीन नसतं असं सांगणाऱ्यांवर विसंबू नका. कोवळ्या कळीत ते भरपूर असतं. रात्री साडेआठला प्यायले आणि एक वाजेपर्यंत छत बघत पडले. आता चारनंतर नाही.

ऊन बेचाळीसवर गेलंय, त्यामुळे गरम कप फक्त सकाळी. काल रात्री पाच ग्रॅम पत्ती अर्धा लिटर गार पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली, आठ तासांनी गाळली. कडवटपणा शून्य, काकडीसारखी थंड चव. शेंगाचटणीबरोबर मात्र घेऊ नका, लसणापुढे तिचा मागमूस राहत नाही. कडक भाकरीचा नुसता तुकडा चालतो.

पुढच्या आठवड्यात माठातलं पाणी वापरून बघणार आहे.