पाच माणसांचं गाव

जनगणनेच्या याद्या चाळायचा मला नाद आहे. वरची बडी शहरं नव्हेत, अगदी तळाची गावं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात थरमंड नावाचं गाव आहे. 2020 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या होती 5. पुढची शून्यं छापायची राहिलेली नाहीत, माणसंच पाच. 2010 लाही पाचच होती. दहा वर्षांत वाढ नाही की घट नाही!

गाव न्यू नदीच्या खोल दरीत वसलंय. 1873 साली कॅप्टन डब्ल्यू. डी. थरमंड यांना मोजणीच्या कामाचे पैसे मिळण्याऐवजी इथली 73 एकर जमीन मिळाली. नुसता कडा आणि पाणी. बिचाऱ्याला गंडवलं असंच कुणालाही वाटलं असतं. पण त्याच वर्षी चेसापीक अँड ओहायो रेल्वेची लाइन या दरीतून पूर्ण झाली, पुढे भोवतालच्या खाणींतला कोळसा इथे येऊ लागला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या अख्ख्या रेल्वेवर सगळ्यात जास्त उत्पन्न देणारं स्टेशन म्हणून थरमंडचं नाव झालं. दिवसाला पंधरा पॅसेंजर गाड्या यायच्या.

जुने फोटो बघावेत. विटांच्या उंच इमारती, त्यांत बँक, दुकानं, आणि दारातून बाहेर पाऊल टाकलं की चालण्यापुरती पट्टी आणि लगेच रूळ. बाजारपेठ आहे, पण बाजारपेठेचा रस्ताच नाही. दरीत तेवढी जागाच नव्हती. 1921 पर्यंत गावात यायचं तर रेल्वेनेच. बँकेत पैसे भरायला निघालेल्या माणसाला आधी डावी-उजवीकडे इंजिन बघावं लागत असणार.

कॅप्टनसाहेब कट्टर बाप्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती. त्यांच्या हद्दीत दारूचं नाव काढायचं नाही. मग व्हायचं तेच झालं. नदीच्या पलीकडे, हद्दीबाहेर, 1901 साली डनग्लेन नावाचं शंभर खोल्यांचं हॉटेल उभं राहिलं. तिथे पोकरचा एक डाव चौदा वर्षं अखंड चालला होता म्हणे. मला ही थाप वाटते, पण सोडवत नाही. 1930 साली ते हॉटेल जळालं.

गंमत म्हणजे एवढ्या धामधुमीतही गावात कायमचे राहणारे पाचशेच्या वर कधी गेलेच नाहीत. बाकी सगळी ये-जा. गर्दी माणसांची होती, पण गाव टिकून होतं ते इंजिनांच्या भुकेवर. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागतं, कोळसा लागतो, राख काढावी लागते, आणि ते करायला माणसं लागतात. त्या माणसांना खानावळ, न्हावी, कपड्यांचं दुकान लागतं. एवढंच थरमंडचं अर्थशास्त्र. मग डिझेल इंजिनं आली. त्यांना ना पाणी हवं, ना राख काढायला कुणी. रेल्वे गेली म्हणून हे गाव बसलं असं सरसकट म्हटलं जातं, ते मला पटत नाही. रेल्वे कुठेही गेली नाही. मालगाड्या आजही त्याच दारांपुढून धडधडत जातात. त्यांना थांबायची गरज उरली नाही, इतकंच. भुसावळ-मनमाडकडच्या कुणालाही ही भीती समजावून सांगायला नको.

इंजिनांत कोळसा ओतणारा काँक्रीटचा मनोरा अजून उभा आहे. 1904 चं स्टेशन दुरुस्त करून ठेवलंय आणि आसपासचा बराचसा परिसर आता राष्ट्रीय उद्यानात आहे. न्यूयॉर्क-शिकागो मार्गावरची कार्डिनल गाडी आठवड्यातून तीन दिवस धावते. इथे चढणारा-उतरणारा कुणी असेल तरच थांबते.

आणि गावाला नगरपालिका आहे बरं का! 2005 च्या निवडणुकीत सात रहिवाशांपैकी सहाजण कुठल्या ना कुठल्या पदासाठी उभे होते. मला उत्सुकता आहे ती सातव्याची. प्रचाराला दारात आलेल्या सहाही शेजाऱ्यांना तो काय सांगत असेल?