धुकं हटलं की इथले बागायतदार काळजीत पडतात

कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात, फ्रेस्नोच्या आसपास, हिवाळ्यात दाट धुकं पडतं. त्याला टुली फॉग म्हणतात. पाऊस होऊन गेला, वारा पडला आणि रात्र निरभ्र असली की ओल्या जमिनीवर ते उतरतं आणि कधीकधी दिवसचे दिवस हलत नाही. अशा दिवसांसाठी इथल्या शाळांचं बस उशिरा सोडायचं वेगळं वेळापत्रकच असतं. २००७ च्या नोव्हेंबरात फ्रेस्नोजवळ हायवे ९९ वर धुक्यात शंभराहून जास्त गाड्या एकमेकांवर आदळल्या होत्या. त्यामुळे धुकं नको वाटणं साहजिकच आहे. पण ज्याची पिस्त्याची किंवा चेरीची बाग आहे त्याच्याशी जानेवारीत बोलून बघा. लख्ख ऊन पडलं, स्वेटरशिवाय फिरता येऊ लागलं की त्याचा चेहरा उतरतो.

कारण त्याचं झाड थंडी मोजत असतं. येत्या बहाराची फुलं आदल्या उन्हाळ्यातच फांदीवरच्या डोळ्यांत, म्हणजे मिटलेल्या अंकुरांत, तयार व्हायला लागलेली असतात. पानगळ झाली की डोळे खवल्यांआड मिटून बसतात, आणि मग फांदीला ऊब द्या, पाणी द्या, ती फुटत नाही. पॉप्लरसारख्या झाडांत याचं कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेलं आहे: पेशींना जोडणाऱ्या बारीक वाटा कॅलोज नावाच्या पदार्थाने बुजलेल्या असतात, त्यामुळे वाढीचा संदेश आत पोचतच नाही. पुरेशी थंडी खाल्ल्यावर त्या वाटा मोकळ्या होतात. त्यानंतर झाड फक्त उबेची वाट बघत असतं.

हे घरच्या घरी बघता येतं, आणि इथले अनुभवी लोक बघतातही. ओळखीच्या एका बागायतदाराच्या स्वयंपाकघरात पीचच्या वीत-वीतभर फांद्या पाण्याच्या बरण्यांत उभ्या असतात. डिसेंबरच्या सुरुवातीला कापलेल्या फांद्यांवरचे डोळे उबेतही तसेच राहतात, तपकिरी, टणक, आणि शेवटी वाळतात. जानेवारीअखेर कापलेल्या फांद्यांची गोष्ट वेगळी. आधी डोळा फुगतो, मग टोकाशी खवले किंचित विलग होतात, त्या फटीत करडी लव दिसते, आणि लवेतून गुलाबी ठिपका वर येतो. मला ती फट पडतानाचा टप्पा सगळ्यात आवडतो. सगळ्या फांद्या अशा एकसारख्या फुटल्या की त्याला कळतं, झाडांची भूक भागली.

मेक्सिकोत पीचचं असं एक झाड सापडलं जे कधी झोपतच नाही. हिवाळ्यातही त्याचे शेंडे वाढत राहतात आणि थंड प्रदेशात लावलं तर ते शेंडे गारठून मरतात. त्याच्या पेशी तपासल्या तेव्हा सहा जनुकांच्या एका गटातला काही भाग गायब असल्याचं आढळलं. त्या एका झाडामुळे हा विषय कितीतरी पुढे गेला.

थंडी मोजायची कशी, यावर मात्र बरीच वर्षं डोकेफोड चालली. जुनी रीत सोपी आहे: तापमान ७.२ अंश सेल्सियसच्या खाली असलेले तास मोजायचे. बदामाला साधारण तीनशे-चारशे तास पुरतात, बिंग जातीच्या चेरीला हजाराच्या घरात लागतात. पण या मोजणीत दुपारच्या उन्हाने केलेलं नुकसान धरलेलं नाही. १९७४ साली युटामध्ये जी पद्धत बसवली, तिच्यात गरम तासांचे गुण वजा होऊ लागले. पुढे इस्राएलमधल्या संशोधनातून आलेली रीत आज इथे जास्त भरवशाची मानतात. त्यांचं म्हणणं असं, की थंडीने आधी एक कच्चा साठा जमतो आणि ऊब आली तर तो मोडतो, पण ठरावीक पातळी गाठली की तो पक्का होतो. हातातली बचत खर्च होऊ शकते, मुदतठेवीत टाकलेल्या पैशाला हात लागत नाही, तसंच हे. आणि कडक गोठवणारी थंडी यात फारशी उपयोगी नाही, हे मला नवं होतं. सहा-आठ अंशांची सौम्य, टिकून राहणारी गारवट झाडाला सगळ्यात लागू पडते.

नेमकी तीच गारवट धुकं देतं. तापमापक सावलीत असतो, डोळा मात्र उन्हात. निरभ्र दिवशी तो भोवतालच्या हवेपेक्षा चांगलाच तापतो. धुक्याखाली असं होत नाही. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून केलेल्या एका अभ्यासात, १९८१ ते २०१४ या काळात या खोऱ्यातले धुक्याचे दिवस ४६ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. हे वाचलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

पिस्त्यावर याचा घाव कसा बसतो ते २०१५ ला दिसलं. पिस्त्यात नर झाड वेगळं, मादी वेगळी, आणि परागकण नेतो वारा. थंडी अपुरी पडली की फूट एकसारखी होत नाही, नर आणि मादी यांच्या फुलण्याच्या वेळा जुळत नाहीत. त्या वर्षी दुष्काळही होताच. झाडांवर घोस दिसत होते, पण कवच फोडलं तर कितीतरी दाणे पोकळ. राज्याचं पीक आदल्या वर्षीच्या जवळजवळ निम्म्यावर आलं.

तेव्हापासून उपाय चालू आहेत. कोणी हिवाळ्यात झाडांवर पांढऱ्या केओलिन मातीची फवारणी करून ऊन परतवून बघितलं. नव्या लागवडीत जुन्या करमन जातीऐवजी कमी थंडीत भागणारी गोल्डन हिल्स लावणारेही बरेच आहेत. पण अशा जाती लवकर जाग्या होतात, आणि लवकर फुललेल्या झाडाला उशिराची गोठवणारी थंडी गाठते. बदामवाल्यांना हे ठाऊक आहे. त्यांच्या बागा फेब्रुवारीच्या मध्यालाच फुलतात आणि फुलावर असताना पारा उणे दोन-तीनपर्यंत उतरला तरी फळ जायला लागतं. म्हणून थंडीची लाट येणार म्हटलं की ते रात्रभर जागून बागेत पाणी सोडतात. पिस्तेवाल्यांवर ती पाळी आजवर क्वचितच आली. नव्या जातींबरोबर त्यांनाही मार्चमधल्या रात्रींकडे लक्ष ठेवावं लागणार आहे.