भांडी बाजारात न चढलेलं पाणी

पुराच्या एका मिनिटाला माझ्या लॅपटॉपला १०८ सेकंद लागत होते. हे कळलं तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बैठक होती.

आमचं ऑफिस नाशिकला, गंगापूर रोडवर, चारच माणसांचं. नदी, नाले, पूररेषा अशी कामं करतो. एका ग्राहकाला गोदाकाठाजवळ बांधकाम करायचं होतं. धरणातून अमुक इतका विसर्ग सोडला तर कुठे किती पाणी चढेल, हा त्यांचा प्रश्न. विसर्ग पाच प्रकारचे. नदीचं पात्र किती खडबडीत धरायचं याचा नेमका आकडा कोणालाच देता येत नाही, म्हणून त्याच्या तीन किमती. एकूण पंधरा वेळा पूर आणायचा होता, तोही संगणकात.

प्रोग्राम मी तीन महिने खपून पायथन या संगणकभाषेत लिहिला होता. सोमेश्वरपासून तपोवनापर्यंतचा १२ किलोमीटर लांब, ३ किलोमीटर रुंद पट्टा घेतला आणि त्याचे १० मीटरचे चौकोन पाडले. ३ लाख ६० हजार चौकोन झाले. प्रत्येक चौकोनात पाण्याची पातळी आणि दोन दिशांचा प्रवाह, आणि दर सेकंदाला शेजाऱ्यांकडून किती आलं, किती गेलं याचा हिशेब. तोवरच्या चाचण्या मी रामकुंडाजवळच्या छोट्या तुकड्यावर घेतल्या होत्या. तिथे सगळं सुरेख चाललं होतं. पूर्ण पट्टा पहिल्यांदा त्या सकाळी चालवला.

एक मिनिटाचा पूर, १०८ सेकंद. खरी गोदावरी माझ्या गणितापेक्षा वेगात वाहत होती. चोवीस तासांच्या पुराला ४३ तास, आणि पंधरा पुरांना सत्तावीस दिवस.

काळाचं पाऊल मोठं टाकून, म्हणजे दर सेकंदाऐवजी जास्त अंतरानं हिशेब करून, हे सुटत नाही. चार मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला सहा मीटरहून थोडी जास्त धावते, त्यात प्रवाहाचा स्वतःचा अडीच-तीन मीटरचा वेग मिळवायचा. एका पावलात लाटेनं एकापेक्षा जास्त चौकोन ओलांडला तर गणित फुटतं. कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तीन गणितज्ञांनी १९२८ सालीच हे दाखवून दिलं आहे. म्हणून १० मीटरच्या चौकोनाला एक सेकंदाचं पाऊल. दिवसाची ८६,४०० पावलं, प्रत्येक पावलाला ३ लाख ६० हजार चौकोन, म्हणजे सुमारे ३,१०० कोटी वेळा तोच हिशेब. ग्राहकाला आधी ५ मीटरचे चौकोन हवे होते. तेव्हा चौकोन चौपट, पाऊल निम्मं, काम आठपट. ते आम्ही नाकारलं होतं हे बरंच झालं.

पायथनला एवढा वेळ का लागतो, हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होतं. त्या सकाळी ते अंगावर आलं. पायथनच्या लिस्टमध्ये आकडे नुसते ओळीनं बसलेले नसतात. लिस्टमध्ये असतो तो पत्ता, आठ बाइटचा. त्या पत्त्यावर जावं तेव्हा चोवीस बाइटचं एक पाकीट मिळतं, त्यात आकडा. दोन आकड्यांची बेरीज करायची तर दोन्ही पाकिटं शोधायची, आत पूर्णांक आहे की दशांश हे तपासायचं, बेरीज करायची आणि उत्तरासाठी नवं पाकीट तयार करायचं. माझ्या एका चौकोनाच्या हिशेबात अशा वीस-पंचवीस क्रिया होत्या. खरी बेरीज त्यातला अगदी किरकोळ भाग, बाकी सगळी पाकिटांची उघडझाप.

यावरचा उपाय या कामातल्या सगळ्यांना माहीत आहे, नमपाय हे पायथनचं आकडेमोडीचं पॅकेज. ट्रॅव्हिस ऑलिफंटनं २००५ च्या सुमारास न्यूमेरिक आणि नमअ‍ॅरे ही दोन जुनी पॅकेजं एकत्र आणून ते घडवलं, २००६ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. त्याच्या अ‍ॅरेमध्ये आकडे द्राक्षबागेतल्या ओळींसारखे एकाला लागून एक असतात, सगळे एकाच जातीचे. ‘या सगळ्या चौकोनांतून ते सगळे चौकोन वजा कर’ असं पायथनमध्ये एकदा म्हणायचं, पुढचा लूप, म्हणजे एकेक चौकोन घेत फिरणारा हिशेब, वेगवान सी भाषेत धावतो. मी दार लावून घेतलं आणि तीन महिन्यांचे लूप मोडायला बसले.

सोपं नव्हतं. लूपमध्ये ‘हा चौकोन कोरडा असेल तर पुढे जा’ असं लिहिता येतं. अ‍ॅरेला पुढे जाता येत नाही, तो सगळ्यांचा हिशेब एकदम करतो. कोरड्या चौकोनात खोली शून्य, प्रवाहही शून्य, आणि वेग काढताना शून्याला शून्यानं भागायची वेळ. नमपाय तिथे थांबत नाही, एक सूचना छापतं आणि उत्तराच्या जागी ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नाही’ अशी खूण, ठेवतं. पुढच्या सेकंदाला त्याचे चार शेजारी नॅन, आणि थोड्या वेळात सगळी नदी. आढीतला एक नासका आंबा असतो तसं. त्यात दीड तास गेला.

पण साडेतीनला पूर्ण पट्ट्यावर चोवीस तासांचा पूर १७ मिनिटांत वाहून गेला. त्रेचाळीस तासांची सतरा मिनिटं! मी खुर्चीतून उठून बाहेर आले आणि सगळ्यांना सांगितलं. आमच्या ज्युनिअरनं चहा मागवला. पंधरा पूर सव्वाचार तासांत होणार होते.

संध्याकाळी सर आले. सर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आमच्याकडे आठवड्यातून दोनदा सल्ल्याला येतात. १९८० च्या दशकात त्यांनी फोर्ट्रान या जुन्या संगणकभाषेत कालव्यांची गणितं केली आहेत. पण माझ्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नाशिकचे पूर त्यांच्या डोळ्यांत साठवलेले आहेत. आपल्याकडे पूर मोजायची गावची पट्टी म्हणजे गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती. पायाला पाणी, कमरेला, छातीला, गळ्याशी. सर याच भाषेत बोलतात, आणि मग त्याला क्युसेकमध्ये काय म्हणायचं तेही सांगतात.

मी त्यांना पहिला पूर पडद्यावर दाखवला. निळा रंग होळकर पुलाखालून सरकत रामकुंडाशी येतो, तिथे नदी दक्षिणेला वळते तसा वळतो, घाट गिळतो. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “परत दाखव. आठव्या तासापासून.”

परत दाखवला.

“मारुतीपाशी पाणी चढतंय, बरोबर?”

“हो सर.”

“मग भांडी बाजारात का चढत नाही?”

मी म्हटलं, तिथवर पोचलंय की सर, हे बघा कडेला निळं. ते म्हणाले, “पोचलंय ते दिसतंय. चढत का नाही, विचारतोय. नदी फुगली की गल्लीतलं पाणी मागून फुगतं. हळू फुगतं, पण थांबत नाही. २०१६ ला, २०१९ ला आम्ही पाहिलंय. तुझं पाणी जागच्या जागी उभं आहे.”

मी त्या भागातल्या एका चौकोनाचे आकडे काढले. आठव्या तासाला जी पातळी होती तीच नवव्या तासाला, तीच दहाव्या आणि अकराव्या. दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत तीच. शेजारचा चौकोन पाहिला, तोही तसाच. माझ्या पोटात गोळा आला. सतरा मिनिटांच्या आनंदात मी पाण्याचा जमाखर्चच तपासला नव्हता. लगेच चार ओळी लिहून तपासला. आत आलेलं पाणी एकीकडे, बाहेर गेलेलं अधिक साठलेलं दुसरीकडे. तफावत होती, आणि ती तासागणिक वाढत होती.

इथे मला एका गोष्टीनं वाचवलं. जुना, संथ लूप मी पुसला नव्हता. रामकुंडाजवळचा १०० बाय ६० चौकोनांचा तुकडा घेतला आणि त्याच तीन तासांचा पूर दोन्ही प्रोग्रामना दिला. नव्यानं काही सेकंदांत उत्तर दिलं. जुन्याला साडेपाच मिनिटं लागली, तोवर आम्ही दोघं नुसते पडद्याकडे बघत बसलो. जुन्याच्या उत्तरात गल्लीतलं पाणी चढत होतं. तासाला सात-आठ सेंटीमीटर, सर म्हणाले तसंच, हळू पण न थांबता.

समीकरणं तीच, तुकडा तोच, पाऊल तेच. मी ओळीन्‌ओळ ताडून पाहिली. सव्वाआठ वाजले. मग सरांनी एक प्रश्न विचारला, जो मला तीन महिन्यांत एकदाही सुचला नव्हता.

“अगं, तुझा रिअल किती बाइटचा?”

फोर्ट्रानमध्ये प्रोग्रामच्या वरच लिहायचं असतं, हा रिअल म्हणजे चार बाइटचा दशांश आकडा, हा डबल प्रिसिजन म्हणजे आठ बाइटचा. सरांच्या पिढीला ते हात धुवून जेवायला बसण्याइतकं अंगवळणी पडलेलं. पायथनमध्ये असं काही लिहावं लागत नाही. मी अ‍ॅरेला त्याची जात विचारली. उत्तर आलं, फ्लोट ३२, म्हणजे ३२ बिटांचा, चारच बाइटचा.

मी तर कुठेच फ्लोट ३२ म्हटलं नव्हतं! मागे जात जात सापडलं. जमिनीच्या उंचीची फाइल सर्व्हेकडून आली होती, तिच्यात आकडे चार बाइटचे. उंचीला तेवढे पुरतात, त्यांची चूक काहीच नाही. जुन्या प्रोग्राममध्ये मी ते लिस्टमध्ये घेतले होते, आणि पायथनचा स्वतःचा दशांश आकडा नेहमी आठ बाइटचा असतो, त्यामुळे तिथे ते आपोआप डबल झाले. नव्यात मी पाण्याच्या पातळीचा अ‍ॅरे जमिनीच्या अ‍ॅरेची प्रत काढून सुरू केला होता. जमिनीची जात पाण्याला लागली. दर सेकंदाची वाढ आठ बाइटमध्ये मोजली जायची, पण जागच्या जागी मिळवताना नमपाय ती मुकाट्यानं चार बाइटमध्ये कोंबायचं. सूचना नाही, तक्रार नाही.

सरांनी वही घेतली. चार बाइटच्या आकड्यात द्विमान पद्धतीचे २४ अंक सार्थ असतात. ५१२ ते १,०२४ च्या दरम्यान अशा दोन लगतच्या आकड्यांमधलं अंतर १ भागिले १६,३८४, म्हणजे मीटरमध्ये धरलं तर ०.०६ मिलिमीटर. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास, बरोब्बर त्या टप्प्यात. एका सेकंदात पाणी ०.०३ मिलिमीटरपेक्षा कमी चढलं तर बेरीज करून उत्तर पुन्हा तेच. तासाचा हिशेब केला तर ११ सेंटीमीटर. जे पाणी तासाला ११ सेंटीमीटरहून हळू चढतं ते माझ्या नदीत चढतच नव्हतं. मुख्य धारेत पाणी भराभर चढतं, म्हणून मारुतीपाशी सगळं ठीक दिसत होतं. चूक होती ती नेमकी बाजारपेठेत, जिथे माणसं पाणी बघत बघत माल वर चढवत असतात. हाच प्रोग्राम मुंबईच्या किनाऱ्यावर, समुद्रसपाटीपासून चार-पाच मीटरवर चालवला असता तर हे अंतर १२८ पट बारीक असतं, आणि आम्हाला कदाचित कधीच काही कळलं नसतं.

दुरुस्ती एका ओळीची. फाइल वाचल्याबरोबर आठ बाइट करायचे. पावणेनऊला केली, तुकडा पुन्हा चालवला. दोन्ही उत्तरं दशांशाच्या नवव्या स्थळापर्यंत जुळली.

पण आता सव्वाचार तास घालवायची माझी तयारी नव्हती; निकाल तपासायलाही वेळ हवा होता. नमपाय प्रत्येक क्रियेला जवळजवळ तीन मेगाबाइटचा एक तात्पुरता अ‍ॅरे तयार करतं, आणि कोरड्या जमिनीचाही हिशेब करत बसतं. म्हणून मी नंबा लावून पाहिलं. ते पायथनच्या फंक्शनचं थेट यंत्रभाषेत रूपांतर करतं. गंमत अशी की त्याला माझा जुना लूपच हवा होता, ‘कोरडा असेल तर पुढे जा’ या ओळीसकट. लिस्टच्या जागी अ‍ॅरे घातले, फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ लिहिली. पहिल्या वेळी रूपांतराला दहा-अकरा सेकंद गेले, मग चोवीस तासांचा पूर चार मिनिटांत. प्रोसेसरच्या चारही कोअरवर एकच पूर वाटून द्यायचा मोह झाला, तर दर वेळी उत्तर किंचित वेगळं येऊ लागलं. एकाच वेळी चालणारे कामाचे दोन धागे एकाच चौकोनात एकदम लिहीत होते. तो नाद सोडला आणि चार पूर चार वेगळ्या प्रोसेसमध्ये लावले.

रात्री साडेअकरापर्यंत पंधराही पूर वाहून गेले. सर थांबले होते. घरी फोन करून त्यांनी जेवायला वाट पाहू नका म्हणून सांगितलं होतं. प्रत्येक निकालाचा जमाखर्च मी वाचून दाखवायचा आणि त्यांनी वहीत टिक करायची. बारा वाजून गेल्यावर मी त्यांना स्कूटरवरून सोडलं. पाऊस बारीक होता.

बैठक झाली. ग्राहकानं विचारायचं ते विचारलं, आम्ही तक्ता दिला. काठावरचा एक मजला उंच घ्यावा लागेल हे त्यांना आवडलं नाही, पण त्यांनी ते मान्य केलं.

पुढच्या रविवारी सरांचा फोन आला, “टेप घेऊन ये.” भांडी बाजारातल्या त्यांच्या ओळखीच्या एका दुकानात, आतल्या भिंतीवर मालकांनी प्रत्येक मोठ्या पुराची खूण ऑइलपेंटनं केली आहे, शेजारी साल. मी टेपचं टोक फरशीला धरलं, सर वाकून वरचा आकडा वाचत होते. मालकांनी पितळेची पातेली बाजूला सरकवून जागा करून दिली आणि विचारलं, “साहेब, हे आता कशाला मोजताय?”

“हिचा हिशेब तपासतोय,” सर म्हणाले, “लिही गं, २०१६.”