वाचताना ओळखीचं वाटलं, म्हणजे आठवेलच असं नाही

परीक्षा जवळ आली की धडा पुन्हा पुन्हा वाचायचा, महत्त्वाच्या ओळींवर हायलायटर फिरवायचा, आणि तिसऱ्या-चौथ्या वाचनात सगळं सोपं वाटू लागलं की पुस्तक मिटायचं. अभ्यासाची ही सगळ्यात रूढ पद्धत संशोधनात मात्र फार कमजोर ठरली आहे.

मजकूर डोळ्यांसमोर असतो तेव्हा मेंदूला तो फक्त ओळखायचा असतो. उत्तरपत्रिका लिहिताना तोच मजकूर कुठल्याही आधाराशिवाय आठवून काढावा लागतो. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि वारंवार वाचून सराव होतो तो पहिल्याचाच.

अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग यावर फार बोलका आहे. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र उलटं झालं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ६१. आपल्या लक्षात जास्त राहील अशी खात्री मात्र वाचणाऱ्यांनाच अधिक होती. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मुलं घरी अभ्यास कधी थांबवायचा हे याच खात्रीवरून ठरवतात.

घरी असं करता येईल. एक छोटा घटक पंधरा-वीस मिनिटं वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा. अडलं की लगेच पुस्तक उघडू नका, अर्धा-एक मिनिट डोक्याला ताण द्या. मग वेगळ्या रंगाच्या पेनाने सुटलेलं भरा आणि चुकलेलं दुरुस्त करा. समजा, हृदयातला रक्ताचा प्रवास लिहायचा आहे. उजवं अलिंद, उजवं निलय, इथपर्यंत बहुतेकांचं ठीक जमतं. पुढे फुप्फुस धमनी आली की गोंधळ होतो, कारण धमनीत ऑक्सिजनयुक्त रक्त असतं हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. फुप्फुस धमनी याला अपवाद आहे. वाचताना हे वाक्य सहज पटतं, कागदावर लिहायला घेतलं की चूक उघडी पडते. तपासणीची पायरी गाळली, तर हीच चूक पुढच्या उजळणीतही तशीच राहते.

उजळणी कधी करायची? सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १,३५० हून अधिक लोकांवर केलेल्या अभ्यासात चाचणी आठवड्यावर असताना दोन उजळण्यांमध्ये एक दिवसाचं अंतर सर्वांत फायद्याचं दिसलं. चाचणी ३५ दिवसांवर असताना हेच अंतर साधारण ११ दिवसांवर गेलं. एकाच संध्याकाळी तीनदा उजळणी केली, तर तिचा फायदा बराच कमी होतो.

'माझा मुलगा बघून शिकतो, मुलगी ऐकून' ही समजूत तर शिक्षकांमध्येही खोल रुजलेली आहे. २०१२ च्या एका पाहणीत ब्रिटनमधल्या ९३ आणि नेदरलँड्समधल्या ९६ टक्के शिक्षकांना ती खरी वाटत होती. मुलांना आवडीनिवडी असतात, पण त्यांनुसार शिकवल्याने जास्त शिकलं जातं याला पुरेसा पुरावा पॅशलर आणि सहकाऱ्यांना २००८ च्या आढाव्यात मिळाला नाही. नकाशा सगळ्यांनीच बघायचा, कविता सगळ्यांनीच ऐकायची.

गणितात आणखी एक सवय नडते, ती म्हणजे एकाच प्रकारची पंधरा उदाहरणं ओळीने सोडवणं. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये घनफळाची उदाहरणं दोन प्रकारे देऊन पाहिली. एकेक प्रकार संपवत गेलेल्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, प्रकार मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिला गट २० टक्क्यांवर आला, दुसरा ६३ वर. ओळीने सोडवताना कुठलं सूत्र वापरायचं हे ठरवावंच लागत नाही, आणि परीक्षेत नेमकं तेच ठरवायचं असतं. म्हणून नव्या सरावसंचातली पाच-सहा उदाहरणं झाली की मागच्या तीन-चार प्रकरणांतलं एकेक मध्ये घाला, प्रकरणाचं नाव न सांगता. चुका वाढतील, वेग कमी होईल. पालक इथेच घाबरून पुन्हा जुन्या पद्धतीकडे वळतात. निदान आठवडाभर थांबा, मग तीच उदाहरणं आकडे बदलून द्या आणि त्यावरून ठरवा.