प्रश्न पोरांचा, गोष्ट आपली

बायबलमधल्या 'अनुवाद' ह्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना सांगतो, की देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर ठसवा. घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्यांविषयी बोला. ह्यात रविवारची वेगळी तासिका कुठे आहे? तरी बरेच आईबाप संडे स्कूलवर सगळं सोपवून मोकळे होतात.

त्याच अध्यायात पुढे मुलगा बापाला विचारतो, ह्या आज्ञा कशासाठी? 'निर्गम' ह्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मुलं वल्हांडणाबद्दल, म्हणजे मिसरातून (इजिप्तमधून) सुटकेच्या सणाबद्दल विचारतात, 'यहोशवा'च्या चौथ्यात यार्देन नदीतून उचलून आणलेल्या बारा धोंड्यांबद्दल. तिन्हीकडे आधी पोरांचा प्रश्न, मग मोठ्यांनी सांगायची हकिकत. 'आम्ही मिसरात फारोचे दास होतो', इथून बाप सुरुवात करतो. मला हा क्रम पटतो. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पोरं ऐकतच नाहीत, निदान आमची तरी.

लूकच्या शुभवर्तमानातली उधळ्या पुत्राची गोष्ट आमच्याकडे निम्म्यावरच अडते: धाकटा पैसा उधळून परततो, बाप त्याला मेजवानी देतो, आणि घरी राबलेला थोरला रुसतो. थोरला लेक ठामपणे थोरल्या भावाच्या बाजूचा. "राबला हा, आणि मेजवानी त्याला?" धाकटीला मेजवानीत काहीच गैर वाटत नाही, का, ते सांगायला नकोच. मी निवाडा करत नाही. लूकनेही केलेला नाही. बाप बाहेर येऊन थोरल्याची समजूत घालतो, पण तो आत गेला की नाही हे लिहिलेलंच नाही. मग त्यावर दोघांची जी जुंपते, ती मी चालू देतो. माशाने गिळलेल्या योना संदेष्ट्याचंही तसंच. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांत सगळा भाव माशाला, आणि मासा तर चारपैकी दुसऱ्याच अध्यायात संपतो. निनवे नगरी देवाच्या शिक्षेतून वाचली म्हणून रुसून बसलेला योना चौथ्यात भेटतो, आणि पुस्तक देवाच्या प्रश्नावर थांबतं. भावंडांच्या घरात खरं कामाचं तेच.

वचनाची छडी मात्र करू नये. 'आईबापांच्या आज्ञेत राहा' हे बायबलच्या 'इफिसकरांस पत्र' ह्या पुस्तकातलं वचन बहुतेक बापांना तोंडपाठ असतं. आमच्या धाकटीने तीनच ओळी पुढचं शोधून काढलं: बापांनी मुलांना चिरडीस आणू नये. आता मी आवाज चढवला की ती नुसती चार बोटं दाखवते. सहावा अध्याय, चौथं वचन.

रात्रीची प्रार्थना ज्याची त्याने करायची, शब्द मी पुरवत नाही. परवा भांडणानंतर धाकटीने देवाला सांगितलं, "दादाला आज माफ करत नाही, उद्या बघू." तिच्या आईला हसू आवरेना. मी मध्ये पडलो नाही. तेराव्या स्तोत्रात दावीद देवाला सरळ विचारतो की मला कुठवर विसरणार. त्यापुढे हे फारच सौम्य होतं. 'आमेन' दादानेच म्हटलं, जरा घुश्शातच.