भेटायला जायचे राहून गेलेली घरे

ठाणे, रविवार रात्र

एखाद्या घरात मृत्यू झाला की त्या दिवशी तिथे चूल पेटत नाही. शेजारचे कोणीतरी पिठलं-भात करून आणते, कोणी तिरडीच्या सामानासाठी धावते, कोणी गावाकडे फोन लावत बसते आणि तेराव्यापर्यंत घरच्यांना फारसे एकटे राहू दिले जात नाही. ही कामे कोणी वाटून दिलेली नसतात, तरी ती होतात, हे नौपाड्यातल्या आमच्या जुन्या चाळीत मी लहानपणापासून पाहत आले. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडची दुसरी लाट ऐन भरात असताना नेमकी हीच माणसे दाराबाहेर थांबवली गेली. अंत्यविधीला वीसपेक्षा जास्त माणसे नकोत, असा नियम होता. प्रत्यक्षात रुग्णालयातून थेट स्मशानात जाणाऱ्या देहाबरोबर दोघे-तिघे असले तरी पुष्कळ झाले, अशी स्थिती होती.

आमच्या इमारतीतले तिसऱ्या मजल्यावरचे काका कोविड रुग्णालयात होते, काकू स्वतः पॉझिटिव्ह म्हणून घरात बंद होत्या आणि मुलगा बंगळूरला अडकला होता. आम्ही काही शेजाऱ्यांनी कामे वाटून घेतली. डबा दारातल्या स्टुलावर ठेवायचा, बेल वाजवून जिन्यापर्यंत मागे यायचे आणि काकूंनी दार उघडले की तिथूनच चार शब्द बोलायचे. एकाने रोज संध्याकाळी वॉर्डात फोन करून तब्येतीची खबर घ्यायची आणि ती काकूंना आणि मुलाला एकसारखीच सांगायची, म्हणजे एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे असे व्हायला नको. शेवटच्या संध्याकाळी तिथल्या एका सिस्टरने, दोन हातमोज्यांच्या हाताने, फोन काकांच्या कानाशी धरला. काकूंनी त्यांना नातीला पहिला दात आल्याचे सांगितले. पलीकडून उत्तर येण्यासारखी अवस्था नव्हती, पण काकूंना बोलायला मिळाले, आणि पुढच्या सगळ्या काळात त्यांनी आधार धरला तो याच बोलण्याचा. त्या सिस्टरचे नाव आम्हाला कधीच कळले नाही, याची रुखरुख मला अजून आहे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च २०२० च्या सूचनांत मृतदेहाच्या पिशवीची चेन उघडून नातलगांना दुरून मुखदर्शन देता येईल, स्पर्श न करता पाणी शिंपडता येईल, मंत्र म्हणता येतील आणि अस्थींपासून कोणताही धोका नाही, असे स्पष्ट लिहिलेले होते. भीतीपुढे हे लिहिलेले फार थोड्यांपर्यंत पोहोचले. जवाहरबाग स्मशानभूमीत आमच्या इमारतीतली दोन तरुण मुले गेली आणि त्यांनी मोबाइल उंच धरून काकूंना अग्नी दिलेला दाखवला. अस्थी आणल्यावर आवारात कुरबुर सुरू झाली, तेव्हा आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी त्या सूचनांची प्रत काढून फाटकाशी लावली. मार्करने नाव लिहिलेले ते फडक्यातले मडके, काकूंचे विलगीकरण संपेपर्यंत, मागच्या बदामाच्या झाडाला रीतीप्रमाणे बांधून ठेवले गेले.

केरळात कोळिकोडला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी १९९३ मध्ये असाध्य आजारातल्या रुग्णांच्या वेदनाशमनाचे काम सुरू केले आणि पुढे त्यातून गावोगावच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. शेजारपाजारची साधी माणसे थोडे प्रशिक्षण घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी नियमाने जातात, आणि २००८ मध्ये त्या राज्याने त्यासाठी धोरणही केले. आपल्याकडे वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, परंतु ते कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाने जाऊन राहण्याचे ठिकाण आहे. आपल्या गल्लीतल्या कोणत्या घरी जायचे आणि तिथे काय करायचे हे ठाऊक असलेली माणसे साथीच्या आधीपासून असायला हवीत, कारण साथ आल्यावर ती शोधायला वेळ मिळत नाही. अमेरिकेतल्या २०२० च्या एका अभ्यासात एका कोविड मृत्यूमागे सरासरी नऊ जवळचे नातलग शोकात पडतात, असा हिशेब मांडला होता, आणि त्यात शेजारी व मित्र धरलेलेच नाहीत.

आमचा अनुभव असा, की सांत्वनाचे शब्द फार थोडे लागतात आणि सोबत फार लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या आदेशानंतर कोविड मृत्यूंसाठी पन्नास हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य मिळू लागले. अर्ज ऑनलाइन होता. मृत्यू दाखला, चाचणीचा अहवाल, बँकेचे पासबुक, आधार, सगळे स्कॅन करायचे. काकूंनी बँकेचे व्यवहार कधी स्वतः पाहिलेच नव्हते. पहिल्या मजल्यावरची एक मुलगी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे बसू लागली आणि एका संध्याकाळी, ‘मृताशी नाते’ हा रकाना भरताना, काकू पहिल्यांदा मोकळेपणाने रडल्या. त्या मुलीने लॅपटॉप मिटला आणि अर्ज दुसऱ्या दिवशी भरला. दुखवट्याला जाणे म्हणतात ते हेच, असे मला वाटते. फक्त ते काही महिन्यांनी झाले.

दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आता स्वतंत्र जागा आहे. ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. साथीत भेटायला जायचे राहून गेलेल्या घरांत ज्यांना झोप, जेवण, काम काहीच जुळत नाही, त्यांना आम्ही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक देतो. बाकीच्यांकडे आम्ही आजही जातो, इतक्या वर्षांनीही. आज कळव्याला गेलो होतो. आईचा शेवटचा फोन आपण कामात असल्यामुळे घेतला नाही, हे त्या गृहस्थांनी आजवर घरातही सांगितले नव्हते. चहा दोनदा झाला, बोलणे दुपारपर्यंत चालले, आणि इतक्या उशिरा कशाला आलात असे कोणीही विचारले नाही.

पुढच्या आठवड्यात खारेगावला जायचे आहे. त्या घरातले दोघे भाऊ एकाच महिन्यात गेले. धाकट्याच्या पत्नीला वारस नोंदीसाठी तलाठी कार्यालयात सोबत हवी आहे, त्यामुळे मी सुट्टी टाकली आहे आणि निवृत्त शिक्षकांनी कागदांची यादी तिला कालच पाठवली आहे.